बेवारस ठेव

जयपूरला कोणी लग्नकार्यासाठी जावो, जवाहिराच्या खरेदीसाठी जावो, की मुलांच्या सुट्टीसाठी. हवामहाल आणि आमेरचा किल्ला पाहून झाला की मंडळींची पावले रामनिवास बागेतील अल्बर्ट हॉलकडे वळतात. १८७६ साली कोनशिला बसलेली आणि १८८७ सालापासून संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली असलेली ही इमारत स्वतःच पाहण्याजोगी आहे. आत शस्त्रे आहेत, धातूची नक्षीदार ताटे आहेत, बागेचे चित्र विणलेला जुना इराणी गालिचा आहे. परंतु मुलांना या सगळ्यात फारसे स्वारस्य नसते. शाळेतल्या मित्राने सांगून ठेवलेली एकच गोष्ट त्यांना पाहायची असते, ती म्हणजे ममी.

तिचे नाव तूतू असे सांगतात. ती इजिप्तमधील अखमीम या गावची, टॉलेमी राजवंशाच्या काळातील, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. खेम या देवतेच्या पुजाऱ्यांच्या कुटुंबातील ती स्त्री होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती कैरोहून जयपूरला आली आणि तेव्हापासून काचेच्या पेटीत आहे. पेटीभोवती नेहमी गर्दी असते. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ही खरी आहे का? मोठी माणसे ‘हो, खरी’ असे म्हणतात आणि लागलीच फोटो काढण्यासाठी मुलांना पेटीजवळ उभे करतात. ‘खरी’ या शब्दाचा अर्थ त्या घाईत मागे पडतो. खरी म्हणजे कोणाची तरी मुलगी. तिच्या घरच्यांनी डोळे पुसत, पदरमोड करून, आपल्या समजुतीप्रमाणे जिचे सगळे यथासांग केले, अशी एक स्त्री.

तो खर्च थोडाथोडका नसे. देह मिठात सुकवून, तेले आणि डिंक लावून, शेकडो हात लांब तागाच्या पट्ट्यांत गुंडाळण्याचे काम पूर्ण होण्यास सुमारे सत्तर दिवस लागत. त्यामागची श्रद्धा अशी होती, की देह टिकला आणि नाव टिकले तरच मृताला पुढील आयुष्य लाभते. म्हणून पेटीवर नाव लिहीत, थडग्यावर नाव कोरीत. कित्येक थडग्यांवर वाटसरूंना उद्देशून विनंती कोरलेली आढळते : बाबांनो, इथून जाताना आमच्या नावाने हजार भाकरी आणि हजार बुधले असे तोंडाने नुसते म्हणा, त्यात तुमचे काही खर्च होत नाही, केवळ मुखातला श्वास जातो. इतके साधे मागणे. लोकांनी आपल्याला विसरू नये, ही त्या माणसांची इच्छा होती, हे ध्यानात ठेवावयास हवे. कारण ममी पाहूच नये असे म्हणणाऱ्यांना हा पुरावा अडचणीचा ठरतो. परंतु तीच माणसे देहावर पट्ट्या गुंडाळत, तो पेटीत घालत, ती पेटी दुसऱ्या पेटीत ठेवत आणि थडग्याचे तोंड दगडांनी बुजवून टाकत, हेही तितकेच खरे. नाव उजेडात राहावे आणि देह अंधारात राहावा, असा तो स्पष्ट हिशेब होता. पुढच्या जगाने तो नेमका उलटा केला.

ममी हा शब्दच व्यापाराच्या वाटेने आला. फारसीत ‘मोम’ म्हणजे मेण. आपल्या मोमबत्तीतला तोच मोम. त्यावरून खडकांतून पाझरणाऱ्या काळ्या, चिकट, औषधी द्रव्याला मुमिया म्हणू लागले. इजिप्तमधील मृतदेहांवरचा काळा लेप त्या द्रव्यासारखा दिसे, म्हणून युरोपातील औषध विक्रेत्यांनी देहालाच मुमिया ठरवले आणि त्याची पूड करून विकण्यास आरंभ केला. ही काही आडबाजूच्या भोंदूंची कथा नव्हे. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस ही पूड रेवाचिनीत मिसळून जवळ बाळगीत असे. मागणी वाढली, अस्सल माल अपुरा पडू लागला. मग अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यांनी गुलामांचे आणि गुन्हेगारांचे ताजे मृतदेह डांबर भरून, उन्हात वाळवून, जुने म्हणून खपवले. आम्ब्रुआज पारे या फ्रेंच शल्यविशारदाने १५८२ साली या औषधाविरुद्ध लेखणी उचलली, तेव्हा त्याने हा बनावटीचा प्रकार उघड केला. त्याचा मुख्य आक्षेप औषध निरुपयोगी आहे हा होता. माणूस विकला जात आहे याचे दुःख त्या मानाने कमी. भेसळीचा राग लवकर येतो, व्यवहाराची लाज उशिरा येते.

औषध मागे पडले तेव्हा रंग आला. ममीच्या पुडीपासून तयार केलेला एक तपकिरी रंग चित्रकारांच्या दुकानांत विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत विकला जात होता. एडवर्ड बर्न-जोन्स या इंग्रज चित्रकाराला या रंगाचे नाव ठाऊक होते, पण तो खरोखर माणसांपासून होतो हे ठाऊक नव्हते. एके दिवशी जेवताना दुसऱ्या चित्रकाराकडून ते कळले, तसा तो उठला, आपल्याजवळची रंगाची नळी घेऊन आला आणि घरच्यांना बरोबर घेऊन त्याने ती बागेत खड्डा करून पुरली. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग हा त्याचा भाचा; लहानपणी पाहिलेला हा अंत्यविधी त्याने पुढे लिहून ठेवला. त्या काळच्या युरोपात ममीच्या बाबतीत लाज वाटल्याची उदाहरणे शोधावी लागतात, त्यांतले हे एक.

एरवी तमाशाच होता. १८३०च्या दशकात लंडनमध्ये टॉमस पेटिग्रू हा वैद्य तिकीट लावून ममीच्या पट्ट्या सोडवून दाखवीत असे. एकदा तर गर्दी इतकी लोटली, की कँटरबरीच्या आर्चबिशपलाही जागेअभावी परत फिरावे लागले. आणि १८९० साली लिव्हरपूलच्या बंदरात सुमारे १९ टन माल उतरला, तो मांजरांच्या ममींचा होता. प्राचीन इजिप्तच्या लोकांनी देवीला वाहिलेल्या त्या मांजरांचा तेथे खत म्हणून टनाच्या भावाने लिलाव झाला आणि लिलाव पुकारणाऱ्याने हातोड्याऐवजी एका मांजराची कवटीच आपटली. मुक्या जिवांच्या बाबतीत ज्या घरांत दिव्याभोवतीच्या पाखरांचाही विचार होतो, त्या घरांतील वाचकांना या वाक्यावर काही भाष्य करून दाखवण्याची आवश्यकता नाही.

इजिप्तला स्वतःच्या पूर्वजांविषयी काय वाटत होते? १८८१ साली दैर-अल-बहारी येथील एका गुप्त विवरात चाळीसहून अधिक ममी सापडल्या. त्यांत दुसरा रामसेससारखे राजे होते. थडगी लुटली जाऊ लागली तेव्हा प्राचीन काळच्या पुजाऱ्यांनीच हे देह गोळा करून, नव्याने गुंडाळून, तेथे लपवून ठेवले होते. जवळच्या गावातील एका कुटुंबाला ती जागा गवसली आणि काही वर्षे ते तेथील वस्तू हळूहळू विकत राहिले. अखेर सरकारने सगळे देह बोटीने कैरोला हलवले. त्या वेळी नाईलच्या दोन्ही तीरांवर बायका केस मोकळे सोडून, घरचे कोणी गेल्याप्रमाणे आक्रोश करीत बोटीबरोबर चालल्या. पुढे कैरोच्या जकात नाक्यावर काय घडले त्याचीही एक हकिकत सांगितली जाते. कारकुनाने जकातीचे दरपत्रक चाळले, त्यात ‘राजा’ असे काही सदर नव्हते. तेव्हा त्याने सुक्या मासळीचा दर लावून पावती फाडली. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, जकात नाक्यावर आयुष्य घालवलेल्या कोणालाही ती अशक्य वाटणार नाही. सदरात न बसणारी वस्तू शेजारच्या सदरात ढकलणे हा कारकुनी धर्मच आहे. संग्रहालयांनीही दीर्घकाळ तेच केले. माणसासाठी त्यांच्या नोंदवहीत स्वतंत्र सदर नव्हते. म्हणून मडकी, मणी, तलवारी यांच्या ओळीत पुढचा क्रमांक टाकून माणूस नोंदवला गेला.

याच राजांपैकी दुसरा रामसेस १९७६ साली बुरशीवरील उपचारांसाठी पॅरिसला गेला, तेव्हा विमानतळावर त्याला लष्करी मानवंदना देण्यात आली. १९८० साली राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांनी कैरोच्या संग्रहालयातील राजांच्या ममींचे दालन बंद केले; आपल्या राजांचे देह असे उघड्यावर मांडणे त्यांना रुचले नाही. १९९४ साली दालन नव्या स्वरूपात पुन्हा उघडले. पुढे ३ एप्रिल २०२१ रोजी १८ राजे आणि ४ राण्या अशा २२ ममी कैरोच्या रस्त्यांवरून सुवर्णरंगी रथांत, २१ तोफांच्या सलामीसह नव्या संग्रहालयात नेण्यात आल्या. आता तेथे त्या मंद प्रकाशात, थडग्याची आठवण व्हावी अशा दालनात ठेवल्या आहेत आणि त्यांचे फोटो काढण्यास मनाई आहे. मिरवणूक काहींना दिखाऊ वाटली, आणि तीत पर्यटनाचा हिशेब नव्हता असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्या राष्ट्राने चाळीस वर्षांत एकाच प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे देऊन पाहिली, ही गोष्ट लक्षणीय आहे. प्रश्न सुटलेला नाही, हे त्याने निदान मान्य केले.

आता मूळ प्रश्न मालकीचा. ज्याचे कोणी विचारायला येत नाही, ते ज्याच्या ताब्यात आहे त्याचे होते काय?

व्यवहारात या प्रश्नाचे उत्तर सर्वांना माहीत आहे. बँकेत एखाद्याची ठेव असते. खातेदार वारतो, मुले परगावी जातात, नामनिर्देशन केलेले नसते, पावती कुठल्याशा ट्रंकेच्या तळाशी राहते. दहा वर्षे खात्यात हालचाल झाली नाही, तर ती रक्कम बँक नफ्यात घेऊ शकत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ साली सुरू केलेल्या निधीकडे ती वर्ग करावी लागते. आणि त्यानंतरही, पंधरा वर्षांनी असो वा पंचवीस वर्षांनी, वारस कागदपत्रे घेऊन आला तर बँकेला त्याचे पैसे द्यावेच लागतात. अशा ठेवी शोधण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचे संकेतस्थळही आहे. बोलीभाषेत तिला बेवारस ठेव म्हणतात, परंतु कायद्याच्या दृष्टीने ती कधीच बेवारस नसते. तिचा वारस केवळ अजून आलेला नसतो. सांभाळणाऱ्याला राखण्याचा अधिकार आहे, उधळण्याचा नाही. तिजोरीची किल्ली हाती असणे आणि तिजोरीतील ऐवज आपला असणे यांतील भेद ज्याला कळत नाही, त्याला पेढीवर कोणी बसू देत नाही.

काचेच्या पेटीतील माणसालाही हाच नियम लावून पाहावा. ब्रिटनमध्ये २००४ सालच्या कायद्याने मानवी अवशेषांच्या प्रदर्शनासाठी संमती आवश्यक ठरवली, परंतु तो कायदा अमलात येण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे आधी मेलेल्यांना त्यातून वगळले. मुदत घालणे कायद्याला भाग असते, नाहीतर एकही प्रकरण मिटणार नाही. पण मुदतीने दावा बुडाला तरी देणे बुडत नाही, हे व्यापारी घरांत वेगळे सांगावे लागत नाही. वडिलांच्या नावे असलेले, कागदोपत्री कधीच बाद झालेले कर्ज मुलाने आपणहून फेडल्याची उदाहरणे प्रत्येक बाजारपेठेत सापडतील.

चार्ल्स बर्नची हकिकत येथे आठवते. तो प्राचीन नव्हे, अठराव्या शतकातला; म्हणूनच त्याचे म्हणणे आपल्याला ठाऊक आहे. आयर्लंडमधून आलेला हा साडेसात फुटांहून उंच तरुण लंडनमध्ये स्वतःचे प्रदर्शन करून पोट भरीत असे. त्याने जमवलेली सातशे पौंडांहून अधिक पुंजी दोन नोटांच्या रूपाने खिशात होती, ती दारूच्या गुत्त्यात चोरीला गेली. (इतकी रक्कम खिशात घेऊन गुत्त्यात शिरणाऱ्याला त्या काळीही कोणीतरी शहाणपण शिकवायला हवे होते.) त्यानंतर तो खचला आणि १ जून १७८३ रोजी वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी वारला. जॉन हंटर हा नामांकित शल्यविशारद आपल्या देहावर डोळा ठेवून आहे, हे त्याला जिवंतपणीच कळले होते. म्हणून त्याने मित्रांना सांगून ठेवले होते, की मला शिशाच्या पेटीत घालून समुद्रात बुडवा. मित्र पेटी घेऊन निघाले. वाटेत पैसे फिरले, पेटीत वजन भरले गेले आणि समुद्रात बुडाली ती रिकामी पेटी. बर्नचा सांगाडा पुढे दोनशेहून अधिक वर्षे लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात उभा होता.

त्या सांगाड्याने विज्ञानाला काहीच दिले नाही असे नाही. १९०९ साली कवटी उघडून पाहिली तेव्हा मेंदूतील ग्रंथीच्या वाढीचा पुरावा मिळाला. अलीकडे त्याच्या दातांतील जनुकांवरून उत्तर आयर्लंडमधील काही कुटुंबांतील आनुवंशिक विकाराचा मागही लागला. त्या कुटुंबांतील हयात माणसांना याचा उपयोग आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु तपासणी करणे निराळे आणि दर्शनी कपाटात टांगणे निराळे. जानेवारी २०२३ मध्ये संग्रहालयाने जाहीर केले, की सांगाडा यापुढे प्रदर्शनात नसेल. अभ्यासासाठी मात्र ठेवला जाईल. म्हणजे समुद्र अजून लांबच आहे. मरणाऱ्याचा शब्द इतका स्वच्छ असताना हे अर्धेमुर्धे उत्तर पुरेसे वाटत नाही.

यावर श्रावकांच्या घरातून एक आक्षेप हमखास येईल, आणि तो हलका नाही. देह हे पुद्गल आहे. जीव निघून गेला, पुढच्या गतीला लागला. मागे राहिले ते कवच. त्याचा एवढा मोह कशाला? इजिप्तच्या लोकांनी देह टिकवण्याचा अट्टहास केला तीच मूळ भूल. मग त्या देहाचे पुढे काय झाले याची चिंता आपण का वाहावी? तत्त्व म्हणून हे बिनतोड आहे. परंतु आपल्याच घरातील रीत पाहावी. जीव गेल्यानंतरही देह कोणी फरफटत नेत नाही. त्याला स्वच्छ करतात, झाकतात, खांदा देतात, अनोळखी माणूसही रस्त्याच्या कडेला थांबून हात जोडतो. हे सारे त्या देहाला कळते म्हणून केले जात नाही. अनासक्ती आणि अनादर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या देहाविषयी अनासक्ती बाळगणे हा ज्याचा त्याचा अधिकार असला, तरी दुसऱ्याच्या देहाविषयी ती त्याच्या वतीने बाळगण्याचा अधिकार कोणी दिलेला नाही. तूतूच्या घरच्यांची श्रद्धा आपली नव्हे. सांभाळायला घेतलेली ठेव मात्र ठेवणाऱ्याच्या अटींवर सांभाळायची असते.

अभ्यासाच्या बाजूने आपल्या महाराष्ट्रातीलच उदाहरण देता येते. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची ती शेतकऱ्यांची वस्ती होती. तेथे दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांत लहान मुलांचीच संख्या मोठी होती. मूल गेले की त्याला दोन कुंभांत ठेवून, कुंभांची तोंडे एकमेकांस जोडून, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. आई ज्या जमिनीवर दळणकांडण करीत असेल तिच्याखाली हातभर अंतरावर तिचे मूल असे. मोठ्या माणसांचे पाय मात्र पुरण्यापूर्वी घोट्यापासून तोडलेले आढळले. मृताने परत निघून जाऊ नये, अशी त्यामागे समजूत असावी असे अभ्यासकांना वाटते. त्या हाडांवरून आणि दातांवरून दुष्काळ कळला, आहार कळला, मुलांचे कुपोषण कळले. लिखित इतिहासात ज्यांचा एक शब्दही नाही, त्या माणसांची साक्ष त्यांच्या हाडांखेरीज अन्य कशात मिळणार होती? उत्खनन झालेच नसते तर बरे झाले असते, असे कोणी म्हणू नये. परंतु तीच मुले जर परदेशातील एखाद्या दालनात रोषणाईखाली मांडली गेली आणि आपण तिकीट काढून समोर उभे राहिलो, तर? दुपारच्या जेवणाआधी उरकण्याच्या स्थळांपैकी ते एक स्थळ आपल्याला वाटेल का?

नागालँडच्या लोकांना हा ‘तर’ कल्पावा लागला नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आणि संशोधकांनी नागा टेकड्यांतून नेलेल्या वस्तूंचा फार मोठा संग्रह ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात आहे, आणि त्यात माणसांचे अवशेषही आहेत. २०२० साली या संग्रहालयाने मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले. त्यानंतर नागा समाजातील विद्वान, वडीलधारे आणि ‘फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन’ यांच्याशी ते परत नेण्याविषयी बोलणी सुरू झाली. हे चालू असतानाच ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमधील एका लिलावघराच्या यादीत एक नागा कवटी झळकली. तिला शिंगे बांधलेली होती आणि अंदाजित किंमत होती साडेतीन ते चार हजार पौंड. नागालँडच्या मुख्यमंत्र्यांनी परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिले, समाजातून तीव्र निषेध झाला आणि कवटी लिलावातून मागे घेण्यात आली. खरेदी-विक्रीचा अनुभव असलेल्या माणसाला यातील किमतीचा आकडाच अधिक खुपतो. चार लाखांच्या आसपास. हा आकडा कोणीतरी शांतपणे बसून काढला असेल. शिंगे धरून किती, शिंगांवाचून किती.

परत देण्याने ज्ञानाचे नुकसान होते, असे संशोधकांचा एक वर्ग म्हणतो. अमेरिकेत १९९६ साली कोलंबिया नदीच्या काठी केनेविक येथे सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला. तेथील मूळ रहिवाशांनी ‘हा आमचा पूर्वज’ म्हणून दफनासाठी मागितला, तर आठ शास्त्रज्ञ न्यायालयात गेले. २००४ साली निकाल शास्त्रज्ञांच्या बाजूने लागला, कारण इतक्या जुन्या माणसाचे नाते सिद्ध होत नव्हते. २०१५ साली जनुकीय तपासणी झाली आणि ती मूळ रहिवाशांच्या म्हणण्याला पुष्टी देणारी निघाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये पाच जमातींनी मिळून तो देह अज्ञात स्थळी पुरला. वीस वर्षे ‘कागद दाखवा’ म्हणून ज्यांना बाहेर उभे केले, त्यांचे कागद हाडांतच होते. वारसाचा दावा खरा ठरण्यास शास्त्राचीच मदत झाली, हे त्या शास्त्राचेही श्रेय मानावे लागेल.

तूतूच्या बाबतीत असा कोणी वारस येण्याची शक्यता दिसत नाही. मग काय करावे? झाकून टाकावे काय? इंग्लंडच्या मँचेस्टर संग्रहालयाने २००८ साली तसे करून पाहिले. पट्ट्या सोडवलेल्या ममींवर आदर म्हणून चादरी घातल्या. लोकांनी इतका गदारोळ केला, की काही आठवड्यांतच त्यांतील काही पुन्हा काढाव्या लागल्या. न विचारता उघडे करणे आणि न विचारता झाकणे, दोन्ही वरून आलेले हुकूमच. त्यापेक्षा साधे, कमी खर्चाचे काही करता येते. पेटीपाशी दिवा मंद असावा. मुलांना घेऊन आत शिरायचे की नाही हे पालकांना दाराशीच ठरवता यावे, अशी पाटी बाहेर असावी. देहासमवेतचे फोटो बंद व्हावेत. आणि मोठ्या अक्षरांत तिचे नाव असावे. तिचे घराणे, तिचे गाव, ती येथे कशी आणि कोणाच्या हातून आली हेही असावे. देणगीदाराचे नाव आपण मंदिराच्या पायरीवरसुद्धा कोरतो. जिने काही न विचारता आपला देहच दिला, तिची माहिती तळहाताएवढ्या फलकावर का मावावी? दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात हडप्पा दालनात राखीगढीच्या एका स्त्रीचा सांगाडा आहे, हातात शंखाच्या बांगड्या आहेत. तिचे तर नावही नाही. तिच्यापुढे मात्र पुष्कळ लोक आपोआप आवाज खाली आणतात. त्या बांगड्यांमुळे असेल.

जयपूरला ऑगस्ट २०२० मध्ये ढगफुटीसारखा पाऊस झाला. अल्बर्ट हॉलच्या तळघरात पाणी शिरले, कपाटे बुडाली, जुन्या फायली भिजल्या. तूतू तळघरातच होती. पाणी तिच्या पेटीपर्यंत चढू लागले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी काच फोडली आणि तिला उचलून वर आणले. पुढे कित्येक दिवस त्या आवारात ओल्या फायली उन्हात वाळत पडल्या होत्या. त्या वेळी जे पाण्यात उतरले त्यांना तिची भाषा ठाऊक नव्हती, तिचा देव ठाऊक नव्हता. गालिचे आणि ढालतलवारीही तेथे पुष्कळ होत्या. नोंदवहीत तिचा क्रमांक काहीही असो, त्यांनी तिला उचलले ते दोन्ही बाजूंनी हात लावून, आडवी, न कलंडता, जसे घरातून उचलतात तसे.